जाहिरातीत जायचंय: जळगावहून मुंबईला चार दिवस जाऊन आले, त्याबद्दल

वाघूरकाठ

नमस्कार मंडळी. मी जळगावला एमए मराठीच्या पहिल्या वर्षाला आहे. गाव वाघूर धरणाच्या खालच्या अंगाला, घरी केळी आणि थोडा कापूस. दोन वर्षांपासून डोक्यात एकच आहे, जाहिराती लिहायच्या. घरी सांगितलं तर आत्याने विचारलं, "म्हणजे टीव्हीत दिसशील का गं?" दिसायचं नाही, लिहायचंय, हे समजावता समजावता माझी दमछाक होते. कॉलेजात सरांना विचारलं तर ते म्हणाले नेट-सेटची तयारी कर. चूक त्यांचीही नाही. आपल्याकडे या धंद्यातला माणूस कोणी पाहिलेलाच नाही.

शेवटी आप्पांना म्हटलं, मला एकदा मुंबईला जाऊन हे काम डोळ्यांनी बघू द्या. आधी नाही म्हणाले. डोंबिवलीला मावशीकडे उतरेन म्हटल्यावर तयार झाले. जायच्या आधी महिनाभर मी लिंक्डइनवर जाहिरात कंपन्यांमधल्या अठ्ठावीस जणांना लिहिलं. इंग्रजीतून नाही, साध्या मराठीतून: मी कोण, कुठली, मला अर्धा तास द्याल का. पाच जणांची उत्तरं आली, तिघांनी वेळ दिली. रात्रीच्या गाडीने निघाले, स्लीपरचं तिकीट तीनशेच्या घरात. कसारा घाट उतरताना जाग आली ती पुन्हा झोप लागलीच नाही.

पहिल्या दिवशी सीएसएमटीसमोर जे.जे. कला महाविद्यालयाच्या आवारात गेले. तिथला उपयोजित कलेचा विभाग १९३५ साली सुरू झालेला, तेव्हा त्याला कमर्शियल आर्ट म्हणत. बाहेर पायरीवर एक मुलगा मांडीवर कागद घेऊन फक्त 'क्ष' काढत होता. एकच अक्षर, पानभर. मी दहा मिनिटं उभी राहून बघितलं. आपण एमए मराठीत व्याकरण शिकतो, काव्यशास्त्र शिकतो, पण अक्षराकडे वस्तू म्हणून कधी बघत नाही.

दुसऱ्या दिवशी लोअर परळला एका कंपनीत. तिथे कळलं की लिहिणारा एकटा बसून लिहीत नाही. ग्राहक कंपनीशी बोलणारे लोक वेगळे, त्यांना क्लायंट सर्व्हिसिंग म्हणतात. ते 'ब्रीफ' आणतात, म्हणजे काय विकायचं, कोणाला, त्या माणसाच्या मनात आज काय आहे, आणि जाहिरात पाहिल्यावर काय यावं, हे सगळं एका कागदावर. मग कॉपीरायटर, म्हणजे शब्द लिहिणारा, आणि आर्ट डायरेक्टर, म्हणजे चित्र-मांडणी बघणारा, अशी जोडी त्या कागदावर बसते. जाहिरात कुठे, किती वेळा लावायची हे मीडियावाले ठरवतात. मला त्यांनी एक जुनं ब्रीफ वाचायला दिलं. त्यात 'ग्रामीण महाराष्ट्रातील ग्राहक' असं एका ओळीत लिहिलं होतं आणि खाली शोभेला फेट्यातल्या माणसाचा फोटो. आमच्या गावात रोज फेटा बांधणारे दोन म्हातारे उरलेत.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते.

तिसऱ्या दिवशी एका ताईंनी मला अंधेरीच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत नेलं. दुसरा मजला, दाराबाहेर चपलांचा ढीग, आत एवढी शांतता की आपलाच श्वास ऐकू यावा. पाण्याच्या मोटरीची २० सेकंदांची रेडिओ जाहिरात होती. मूळ हिंदी, तिचं मराठी कोणीतरी करून पाठवलेलं. सुरुवात अशी: "शेतकरी बांधवांनो, आता सिंचन करा निश्चिंत होऊन, कारण आमच्या पंपाची कामगिरी आहे अतुलनीय." आवाज देणारे गृहस्थ काचेपलीकडे. पहिल्यांदा वाचलं, २४ सेकंद. दुसऱ्यांदा २२. तिसऱ्यांदा पळत वाचलं तेव्हा २० मध्ये बसलं, पण एक शब्द कानात राहिला नाही.

ताईंनी सहज विचारलं, "तुझे वडील कसं बोलतील गं हे?" मी म्हटलं, आप्पा सिंचन म्हणत नाहीत, पाणी भरणं म्हणतात. पंप नाही, मोटर. आणि त्यांना घोर एकाच गोष्टीचा असतो, लाईट डिम असली की मोटर उचलत नाही. एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची. रात्री दोनला बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं, मोटर नुसती घूं करते आणि बसते. परत दाबायचं. परत घूं. घरून आईचा फोन, "उचलली का?" आमच्याकडे रात्रीच्या पाळीत एवढंच बोलणं होतं, उचलली का, उचलली.

मी त्याच कागदाच्या पाठीमागे लिहून दिलं: "लाईट डिम असो, रात्री दोनची असो. बटण दाबा. उचलली का? उचलली!" काचेपलीकडच्या गृहस्थांनी ते दोनदा मनात वाचलं, मग म्हटलं. शेवटचं 'उचलली' म्हणताना त्यांचा आवाज आपोआप मोकळा झाला. मोटरीचं नाव आणि दुकानदाराची ओळ धरून सगळं १७ सेकंदांत बसलं. ताईंनी पाठीवर थाप मारली. मी त्या रात्री डोंबिवलीच्या लोकलमध्ये उभी होते, पाय दुखत होते, तरी स्टेशन येऊ नये असं वाटत होतं.

गावी आल्यावर तीन आठवड्यांनी सकाळी आप्पा गोठ्यात होते, रेडिओ चालू. ती जाहिरात लागली. आधी 'शेतकरी बांधवांनो' तसंच चिकटवलेलं, पण पुढे माझं वाक्य, जसंच्या तसं. आप्पांचा हात थांबला. म्हणाले, "हे लिहिणारा कोणी आपल्याकडचाच आहे बघ." मी सांगितलं, मीच आहे. ते काही बोलले नाहीत, पण पुन्हा लागेल म्हणून दुपारपर्यंत त्यांनी रेडिओ बंद केला नाही.

आनंद झाला, खूप झाला. पण मला ना कोणी कळवलं ना पैसे दिले. मी फोन केला तर त्या ताई आता दुसऱ्या कामावर, आणि ऑफिसातून उत्तर आलं की ते 'सहज सुचवलेलं' होतं. मी काय करायला हवं होतं? आणि दुसरं, माझ्याकडे फक्त मराठी आहे. इंग्रजी वाचते, समजते, पण तीत विचार येत नाही. एवढ्यावर तिथे जागा मिळते का? की जन्मभर हिंदीचं मराठी करत बसावं लागतं? चौथ्या दिवशी दादर ते माहीम चालत गेले आणि होर्डिंगवरचं मराठी वहीत उतरवलं. एकोणीस ओळींपैकी चारच ओळी मुळात मराठीत सुचलेल्या वाटल्या. बाकी सगळ्या कोणत्या हिंदी-इंग्रजी वाक्यावरून उचलल्या ते वाचतानाच दिसत होतं.

मिरची_पथारी

अभिनंदन ताई! 'उचलली का? उचलली!' हे मी आमच्या नंदुरबारच्या भाषेतही ऐकतो. कसं काय नाही देत पैसे, सरळ बिल पाठवा.

दादर_लोकल

वाघूरकाठ, मी मूळची भुसावळची, चौदा वर्षं मुंबईत कॉपी लिहितेय. तुझी पोस्ट ऑफिसात बसून वाचली आणि दार लावून घेतलं. आधी पैशांचं सांगते.

जाहिरातीवर कॉपीरायटरचं नाव कधीच येत नाही, माझंही येत नाही, त्यामुळे नावाचं दुःख सोडून दे. पण पैसे ही वेगळी गोष्ट. तू पाहुणी म्हणून गेली होतीस हे खरं, तरी ओळ प्रसारित झाली म्हणजे ते काम झालं. आता त्यांना एक साधा मेल लिही: अमुक तारखेला, अमुक स्टुडिओत, अमुक ओळ मी लिहून दिली, ती वापरली आहे, माझं मानधन इतकं. सोबत त्या कागदाचा फोटो असेल तर उत्तम. रागाचा एक शब्द नको. आणि मेलमध्ये एक गोष्ट आणखी माग, ती ओळ तुझ्या पोर्टफोलिओत, म्हणजे कामाच्या नमुन्यांच्या फाइलीत, दाखवायची लेखी परवानगी. पैसे आले नाहीत तरी ही परवानगी बहुधा मिळते, आणि तुला पुढे तिचाच उपयोग जास्त. यापुढे कागद हातातून द्यायच्या आधी फोनवर फोटो काढायचा. मला हे तिसऱ्या वर्षी कळलं.

आता भाषेचं. 'शेतकरी बांधवांनो' कुठून येतं हे बाहेरच्यांना कळत नाही. मूळ जाहिरात हिंदीत किंवा इंग्रजीत ठरते. क्लायंटने ती मंजूर केली की मराठी, गुजराती, तेलुगू अशा आठ-दहा भाषांत एकाच संध्याकाळी पाठवली जाते आणि सकाळी सगळं परत हवं असतं. करणाऱ्याला शब्दावर पैसे मिळतात. ज्याला शब्दावर पैसे आणि हातात एक रात्र, तो मोटर कोणाची, विहीर कुठली, याचा विचार करत बसणार नाही. त्याच्या हाताखाली तयार असलेला शब्द तो ठेवतो. 'बांधवांनो', 'अतुलनीय', 'विश्वासाचं दुसरं नाव' ही अशी तयार विटांची रास आहे. म्हणून मराठी वाईट असते. लिहिणाऱ्याला येत नसतं असं नाही, त्याला बोलावतातच शेवटी.

तुझा प्रश्न हाच आहे ना, की आपल्याला आधी बोलावतील का? बोलावतात, पण तुम्ही तिथे बसलेले असलात तर. जाहिरातीतलं मोठं नाव पीयूष पांडे, ते जयपूरहून आले, १९८२ साली ओगिल्व्ही या जाहिरात कंपनीत लागले ते क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये. तेव्हा या धंद्याचा विचारच इंग्रजीत चालायचा. लिहायच्या बाजूला ते नंतर आले आणि घरच्या, गल्लीतल्या हिंदीत विचार करून लिहू लागले. फेविकॉलच्या त्या माणसांनी लगडलेल्या बसमध्ये बोलणं जवळपास नाहीच, तरी ती जाहिरात आपल्या रस्त्यावरची आहे हे लहान पोरालाही कळतं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले तेव्हा आमच्या मजल्यावर दिवसभर कोणी मोठ्याने बोललं नाही. हिंदीसाठी जे झालं ते मराठीसाठी व्हायचंय असं मला वाटतं, आणि ते माझ्यासारख्या मुंबईत मुरलेल्या बाईकडून पूर्ण होणार नाही. मला आता रात्री दोनची लाईट आठवत नाही. तुला आठवते.

इंग्रजीचं मात्र खोटं सांगणार नाही. मीटिंगमध्ये आपली ओळ का बरोबर आहे हे इंग्रजीत दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. सुंदर नको, चुकलं तरी चालेल. तेवढं सहा महिन्यांत येतं.

कापूसकोंडा

मी एका मुलीचा बाप आहे, चोपड्याकडचा. माझी बारावीला आहे आणि तिचंही असंच काहीतरी चाललंय, म्हणून विचारतो. ताई, राहण्याचं काय? पगार किती? रात्री उशिरापर्यंत काम असतं म्हणतात. आपण लोकांना सांगायचं काय, पोरगी काय करते?

दादर_लोकल

कापूसकोंडा दादा, सरळ उत्तर देते. २०११ मध्ये माझा पहिला पगार ११,००० होता आणि चौघींत मिळून घाटकोपरला एक खोली. पहिली दोन वर्षं घरून पैसे लागले, बाबांनी दिले. आता माझ्या हाताखाली मुलं लागतात त्यांनाही सुरुवातीला मुंबईत एकट्याने खोली परवडत नाही. रात्री उशीर होतो, पिच असली की हमखास होतो. पिच म्हणजे नवीन क्लायंट मिळवायला चार-पाच कंपन्या आपापलं काम दाखवतात ते. उशीर झाला तर गाडी मागायची, बऱ्याच ठिकाणी देतात, देत नसतील तिथे राहायचं नाही. इंटर्नशिप बिनपगारी असेल तर तीन महिन्यांच्या वर अजिबात करू देऊ नका.

लोकांना सांगा, पोरगी लिहिते.

पांझराकाठ

मी धुळ्याचा. वय सदुसष्ट. एकोणीसशे पंचाहत्तरपासून भिंती रंगवल्या, धुळे, साक्री, शिरपूर, दोंडाईचा, तिकडे सुरतेच्या रस्त्याला नवापूरपर्यंत. बियाणं, खत, साबण, विडी, सिनेमा. फ्लेक्स आला आणि काम गेलं. या पोरीचं लिहिणं वाचून मुलाकडून मोबाईल मागून घेतला, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्हाला कोणी ब्रीफ दिलं नाही, पण काही गोष्टी हातानेच शिकलो. एसटी वळणावर येते तेव्हा खिडकीतल्या माणसाला भिंत दिसते ती चार-पाच शब्दांपुरती. सहावा शब्द त्याच्यासाठी नाही. म्हणून शेठजी कागदावर बारा शब्द देत, मी चार रंगवायचो आणि बाकीचे खाली बारीक, त्यांच्या समाधानाला. भिंतीला आधी चुन्याचा हात, मग नीळ लावलेला दोरा दोन टोकांना ताणून सोडायचा, फट्ट. ती शिरोरेषा. मराठी अक्षर वरून लोंबतं, ते आधी ठरलं पाहिजे. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं, त्याची तऱ्हा वेगळी.

पोरगी म्हणते होर्डिंगवरच्या ओळी मुळात मराठीत सुचलेल्या नाहीत. मी म्हणतो, अक्षरंही मराठीत मांडलेली नसतात. इंग्रजी दोन ओळी जितक्या जवळ बसतात तितक्याच जवळ मराठी बसवतात. मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन टेकतो. लांबून सगळं काळं दिसतं. मराठीला वर आणि खाली श्वास घ्यायला जागा लागते. हे तुमच्या कंप्युटरवाल्या पोरांना कोणी सांगत नाही.

बेटा, 'उचलली' चांगलं आहे. भिंतीवर मी ते एकटंच रंगवलं असतं.

खडू_फळा

पांझराकाठ अप्पा, तुमचं हे दोऱ्याचं मी उद्या वर्गात सांगणार. मी रावेर तालुक्यात कलाशिक्षक आहे.

तुम्ही अक्षरांचं म्हणालात त्यावरून र. कृ. जोशी आठवले. मराठीतले कवी, आणि उल्का नावाच्या जाहिरात कंपनीत कलेची बाजू सांभाळणारे. पुढे त्यांनीच 'मंगल' हा फॉन्ट घडवला. कितीतरी वर्षं सरकारी पत्रापासून मुलांच्या प्रोजेक्टपर्यंत कंप्युटरवरचं मराठी आपण ज्या अक्षरात वाचलं, ते एका जाहिरातवाल्या मराठी माणसाच्या हातचं. माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगतो तेव्हा ते मोबाईल डोळ्याजवळ नेऊन बघतात.

कापूसकोंडा भाऊ, मुलगी बारावीला आहे आणि हात चित्रकलेचा असेल तर चार वर्षांची बीएफए ही कलेची पदवी, त्यात उपयोजित कला घ्यायची. राज्याच्या सीईटीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कलेचं सामान्य ज्ञान असतं. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिलीय का तिने? ज्यांनी एलिमेंटरी, इंटरमिजिएट मनापासून केलंय त्यांना ही परीक्षा परकी वाटत नाही. आपल्याकडेही खिरोद्याला चित्रकलेचं कॉलेज आहे, मुंबईच पाहिजे असं नाही. हात लिहिण्याचा असेल तर तिच्यासाठी रस्ता वेगळा, पदवी कुठलीही चालते. मुंबई विद्यापीठात मास मीडियाच्या पदवीला शेवटच्या वर्षी जाहिरात हा विषय निवडता येतो. जास्त खर्चाची तयारी असेल तर जाहिरात शिकवणारी अहमदाबादची मायका ही संस्था आहे, तिथे पदवीनंतर जायचं.

आणि खानदेशात हे काही अगदी नवीन नाही. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. त्याची सजावट नंदलाल बोस यांनी केली, बांबू आणि आसपास मिळेल त्या सामानातून. बंगालचा एवढा मोठा चित्रकार आमच्या तालुक्याशेजारी आला आणि त्याने बाहेरून काही न मागवता इथल्या वस्तूंतून काम उभं केलं. चाळीसगावला स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे. त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं त्या घरात काढली, १९८९ साली गेले. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, प्रकाश टाकून ते असे फोटो काढत की खरोखरचं बर्फाळ गाव वाटावं. आज जाहिरातीत वस्तूचे फोटो काढणारे जे करतात त्याचीच ही जात आहे. वाघूरकाठ, तुम्ही मुंबईला चारशे किलोमीटर गेलात, चाळीसगावला एकदा उतरा.

मिरची_पथारी

आता मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. सगळे मुंबई-मुंबई करताय. माझी मिरची नंदुरबारला पथारीवर वाळते, लाल समुद्र असतो, आणि मग दुसऱ्याच्या नावाच्या पिशवीत जाऊन बसते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे हा माल या भागाचाच अशी सरकारी नोंद, मिळालं, भरिताच्या वांग्यालाही मिळालं. किती खोक्यांवर तुम्हाला 'जळगाव' हा शब्द दिसतो? अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. म्हणजे माल इथे, कारखाना इथे, पण नाव मोठं करायला माणूस बाहेरच गेला पाहिजे हे कुठवर? वाघूरकाठ ताई, तुम्ही इथेच दुकान टाका. मी पहिला ग्राहक.

वाघूरकाठ

दादर_लोकल ताई, मेल पाठवला, अगदी तुम्ही सांगितल्या शब्दांत. कागदाचा फोटो नव्हता, पण मावशीला त्याच रात्री मी ती ओळ व्हॉट्सअॅपवर पाठवली होती, त्याचा स्क्रीनशॉट जोडला.

मिरची_पथारी दादा, तुमचं मनावर घेतलंय, पण तुमच्यासारखे किती? मी गेल्या वर्षी जळगावात हे करून बघितलं. चार दुकानांत गेले, जाहिरातीचा मजकूर लिहून देते म्हटलं. एक कापड दुकानदार काका प्रेमाने म्हणाले, "बेटा, मजकूर तर फ्लेक्सवाला फुकट देतो." आणि खरंच देतो. 'भव्य शुभारंभ', 'आग्रहाचे निमंत्रण', 'एकदा अवश्य भेट द्या' हे त्याच्या कंप्युटरवर तयार असतं, नाव तेवढं बदलायचं. शब्दांना इथे अजून किंमत लागलेली नाही. ती लावायची असेल तर आधी जिथे लागते तिथे जाऊन शिकून यावं लागेल, असं मला वाटतं. मी यायचं नाही म्हणत नाहीये. शिकून येईन म्हणतेय.

दादर_लोकल

बरोबर बोललीस. पैशाची गंमत बघ: वर्तमानपत्रं मान्यताप्राप्त जाहिरात कंपनीला जागेच्या दरावर १५ टक्के कमिशन देत आली. म्हणजे कित्येक वर्षं या धंद्यात शब्दांचे पैसे वेगळे कोणी मोजलेच नाहीत, जागेच्या पैशांतून ते निघायचे. मोठ्या कंपन्या आता महिन्याची फी घेतात. गावात मात्र जागा फ्लेक्सवाल्याची, म्हणून शब्दही त्याचेच. तुला दुकानदाराकडे शब्द विकायला जाऊन चालणार नाही. त्याचा काय माल अडून पडलाय ते विचारायला जा.

एक सावधगिरी, सगळ्यांसाठी. आपल्याकडे तेल, चूर्ण, गुडघेदुखीची औषधं यांच्या जाहिरातीचं काम पटकन मिळतं आणि पैसेही रोख. 'शंभर टक्के गुण' लिहून मागतात. लिहू नका. १९५४ चा कायदा आहे, ठरावीक आजार बरे करतो असं जाहिरातीत म्हणताच येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, वाचणारी आपलीच आजी असते.

पोर्टफोलिओचं सांगायचं राहिलं. आठ कामं पुरेत. मोठ्या ब्रँडसाठी खोटी कामं करू नकोस, शीतपेय आणि बुटांच्या ओळी आमच्याकडे रोज शंभर येतात. तुझ्या पाच किलोमीटरच्या आतल्या वस्तू घे. प्रत्येकाखाली दोन ओळींत लिही, कोणाला सांगायचंय आणि तो आज काय करतो.

कापूसकोंडा

मुलीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते लिहिणं नाही, चित्रच. इंटरमिजिएटला तिला बी ग्रेड आहे. खडू_फळा सर, रविवारी तिला घेऊन आलो तर चालेल का?

खडू_फळा

चालेल भाऊ, तिची जुनी वही घेऊन या, चांगली-वाईट सगळी. निवडून आणू नका.

वाघूरकाठ

मंडळी, दोन बातम्या.

मेलचं उत्तर आलं. परवानगी दिली, लेखी. पैशांबद्दल 'पाहतो' असं आहे. मी पंधरा दिवसांनी पुन्हा विचारणार.

दुसरी, पोर्टफोलिओचं पहिलं काम सुरू केलं. आमच्या शेजारचे भाऊ केळी १३ किलोच्या खोक्यात भरून पुणे-मुंबईला पाठवतात. खोकं कोरं असतं, वर फक्त एक मोराचं चित्र, ते खोकेवाल्याकडेच छापून येतं. मी त्यांच्याबरोबर दोन दिवस पॅकिंगला बसले. फण्या वेगळ्या करून धुतात, फोमच्या कागदात गुंडाळून पालथ्या ठेवतात. मी विचारलं, तुमच्या मालाची तक्रार काय येते? म्हणाले, "तक्रार एकच, काळी पडली. अरे पण तुम्ही फ्रिजात कशाला ठेवता?" बस, तिथेच ओळ मिळाली. मी लिहिलंय:

'वाघूरच्या पाण्यावरची केळी. फ्रिजात नको, दोरीला टांगा.'

खाली 'जळगाव' मोठ्या अक्षरात. खोक्याच्या झाकणावर मधोमध. भाऊंना आवडलं, पुढच्या खेपेला दोनशे खोक्यांवर छापतो म्हणाले. मिरची_पथारी दादा, तुमच्या पिशवीचं यानंतर. काही चुकत असेल तर आत्ताच सांगा.

मिरची_पथारी

'दोरीला टांगा' माझ्या आईचं वाक्य आहे! छापा.

दादर_लोकल

ओळ पास. 'वाघूरच्या पाण्यावरची' पुण्यातल्या माणसाला कळणार नाही असं कोणी म्हणेल, तरी काढू नकोस. नदीचं नाव आहे एवढं कळतं, तेवढं पुरे.

पांझराकाठ

बेटा, झाकणावर नको. खोकी गाडीत एकावर एक सात-आठ थर रचतात, झाकण फक्त सगळ्यात वरच्याचं दिसतं. मार्केटात हमाल खोकं उचलतो तेव्हा लोकांसमोर येते ती बाजू. लांब बाजूला लिही, एका ओळीत नाही, दोन ओळींत, मध्ये मी सांगितली तेवढी जागा सोडून.

आणि आणखी एक बघ. खोक्याला हवेची भोकं असतात. ती अक्षरावर आली तर 'टांगा'चा अनुस्वार भोकात जाईल आणि पुण्यात लोक 'टागा' वाचतील. भोकं कुठे आहेत, किती बोटांची आहेत, कडेपासून किती अंतर, ते मोजून लिही. मी अक्षरं हाताने कागदावर काढून मुलाकडून फोटो पाठवतो.

वाघूरकाठ

मोजलं अप्पा. लांब बाजूला दोन भोकं, दोन्ही वरच्या अंगाला. वरच्या कडेपासून चार बोटं खाली, डाव्या-उजव्या कडेपासून अर्धी-अर्धी वीत आत. भोक तीन बोटं रुंद, दोन बोटं उंच. दोन भोकांच्या मधली जागा एक वीत. खाली सगळं मोकळं आहे.